काटेसाहेबांचे चार पिस्टन

काटेसाहेबांचं खरं आडनाव काटे नव्हतं. वजनमाप खात्यात तेहेतीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून काढल्यावर बाजारपेठेनं ते त्यांना बहाल केलं. आणि ते इतकं चिकटलं की निवृत्तीच्या वेळी खात्यानं भेट दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळावरही तेच कोरून आलं. साहेबांनी घड्याळ परत पाठवलं. नावासाठी नव्हे. ते दिवसाला चार सेकंद मागे पडत होतं.

माणूस तसा वाईट नव्हता. लाच त्यांनी कधी घेतली नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि दिवसातून दोनदा सांगत, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटायचं, एकदाची घेतली असती तर बरं झालं असतं, निदान विषय तरी संपला असता. बाजारात शिरले की भाजीवाल्या तराजू पोत्याखाली सरकवत, पेट्रोलपंपावरचा माणूस उगाच फडकं घेऊन काच पुसायला लागे आणि कापडवाल्याच्या हातातला मीटर थरथरायचा. निवृत्तीनंतर हे सगळं थांबलं. बाजार सुटला आणि घर सापडलं. दूध आलं की ते माप घालून बघत. बायकोनं "पाच मिनिटांत आले" म्हटलं की हे घड्याळात बघून दारात उभे. ती माउली बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. ऐकून न ऐकल्यासारखं करण्याची विद्या तिला वर्गातच साधली होती.

साहेबांकडे एक गाडी होती. तेरा वर्षांची, करड्या रंगाची, चार सिलिंडरांची. टायरमधली हवा ते दर रविवारी स्वतःच्या मीटरनं तपासत, कारण पंपावरच्या मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. खरं तर स्वतः शिक्का मारलेला नाही अशा कुठल्याच काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि इंजिन बसलं ते त्यापायीच.

मेव्हणीकडे निघाले होते दोघं. डोंगराचा चढ होता, दुपारची वेळ, ऊन रणरणत होतं.

"अहो," बायको म्हणाली, "तो काटा लाल पट्ट्यात गेलाय."

"कुठला?"

"इंजिन तापल्याचा."

साहेबांनी काट्याकडे असं बघितलं की त्यानं जागच्या जागी कबुली द्यावी. "या काट्याची शेवटची तपासणी कधी झाली, माहीत आहे तुला?"

"नाही."

"कधीच नाही! कारखान्यातून निघाल्यापासून कोणी हात लावलेला नाही त्याला. असल्या काट्याच्या सांगण्यावरून मी गाडी थांबवू?"

"पण समोरून वाफ येतेय."

"धुकं आहे ते."

आणखी दोन वळणं गाडी चढली. मग आतून कोणी हातोडी मारावी तसा आवाज यायला लागला, मग एक किंकाळी आली, आणि गाडी अशी जाम झाली की चावी फिरवली तरी 'टक्' एवढंच म्हणायची. पाण्याचा पाइप फाटून सगळं पाणी केव्हाच रस्त्यावर सांडलं होतं. बायको खाली उतरली, पिशवी घेऊन झाडाखाली जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "धुकं फारच दाट आहे आज."

गाडी दोरानं ओढत मिस्त्रीच्या गॅरेजात आणली. हा मिस्त्री गेली दहा वर्षं साहेबांची गाडी बघत होता. म्हणजे साहेब सांगायचे आणि तो मान हलवायचा. त्यानं दोन दिवसांत इंजिन उतरवलं, हेड काढलं, चारही पिस्टन बाहेर ओढून बाकड्यावर मांडले. पहिले दोन ओरखडलेले होते. चौथ्याची रिंग खाचेत चिकटून बसली होती. तिसरा तर बघवत नव्हता. त्याची एक बाजू कोणी कानशीनं खरवडावी तशी सोलली होती, रिंगेचे तीन तुकडे झाले होते, आणि ज्या सिलिंडरात तो वरखाली पळायचा त्याच्या भिंतीवर उभ्या रेघा उमटल्या होत्या. नख फिरवलं तर नख अडकत होतं.

"पिस्टन आणायची घाई करू नका, साहेब," मिस्त्री म्हणाला. "आधी ब्लॉक बोरिंगवाल्या बाईंकडे टाकू. त्या माप घेतील, कुठली साईज लागेल ते सांगतील. त्या साईजचे पिस्टन आणायचे, आणि मग त्या पिस्टनच्या मापानं त्या सिलिंडर आतून कातून बोअर करतील."

"माप कोण घेणार?"

"बाई. पुलापलीकडे शेड आहे त्यांची."

"मिस्त्री," साहेब शांतपणे म्हणाले. ते शांतपणे बोलायला लागले की जुने दुकानदार देवाचा धावा करत. "तेहेतीस वर्षं या गावाची मापं मी घेतली. आता माझ्या गाडीचं माप दुसरं कोणी घेणार?"

मिस्त्रीनं मान हलवली. साहेब घरी जाऊन मखमली डबीतला व्हर्नियर घेऊन आले. निवृत्तीच्या वेळी खात्याची सगळी हत्यारं त्यांनी जमा केली होती. हा मात्र स्वतःचा होता. त्यांनी तो रुमालानं पुसला, ब्लॉकवर वाकले, आणि एकेका सिलिंडरच्या तोंडात त्याचे जबडे उघडून आकडा वाचला. डोळ्याला भिंग लावून दोनदा वाचला.

"बहात्तर मिलिमीटर. शून्य, शून्य. चारही. कंपनीतून निघाला तसाच्या तसा आहे. स्टँडर्ड साईजचे पिस्टन लागतील."

"साहेब, ते तोंडावरचं झालं, आत जरा..."

"माप तोंडावरच घेतात, मिस्त्री. पातेल्याचं माप घ्यायला कोणी तळाशी जाऊन बसत नाही."

मिस्त्रीनं पुन्हा मान हलवली. दहा वर्षांत त्याच्या मानेला भलताच व्यायाम झाला होता.

स्पेअरवाल्याचं दुकान म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत खोके आणि मधल्या फटीत मालक. त्यानं साहेबांसमोर तीन खोके ठेवले. एकात मूळ कंपनीचे पिस्टन, दुसऱ्यात दुसऱ्या कंपनीचे, तिसरा खोका पांढरा, त्यावर काहीच छापलेलं नव्हतं. पांढऱ्याकडे साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ज्यावर शिक्का नाही ती वस्तू त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. त्यांनी मूळ कंपनीचे घेतले. "साईज नक्की ना?" असं स्पेअरवाल्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला जे उत्तर दिलं ते सोळा मिनिटं चाललं.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर पांढरा कपडा अंथरला आणि पिस्टन मोजायला बसले. पहिला घेतला. एका बाजूनं मोजला: एकाहत्तर पूर्णांक शहाण्णव. तोच एक चतुर्थांश फिरवून, दांडा अडकवायच्या पिनेच्या भोकाच्या बाजूनं मोजला: एकाहत्तर पूर्णांक सहासष्ट. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दुसरा पिस्टन. तोच प्रकार. शिवाय वरच्या टोकाशी आणखी बारीक, खाली जाड. चारही पिस्टन धडधडीत लंबगोल होते!

साहेबांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं तेज आलं. त्यांनी कोरे कागद काढले.

"अगं, हे बघ! बघ, कसा माल विकतात! एकही गोल नाही!"

बायको वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होती. "पृथ्वीसुद्धा गोल नाही," ती मान वर न करता म्हणाली. "दोन्ही टोकांना चपटी आहे. दरवर्षी सहावीला शिकवायचे मी."

"पृथ्वी माझ्या खात्याच्या अखत्यारीत येत नाही."

त्यांनी चार पानी पंचनामा लिहिला. तारीख, वेळ, हवामान, मापं, तफावत. पंच म्हणून बायकोची सही मागितली. तिनं शब्दकोड्यातलं आडवं नऊ काय ते सांगितलं तरच सही करीन म्हटलं. त्यांना ते येईना, म्हणून पंचनामा बिनसहीचा राहिला.

दुसऱ्या दिवशी स्पेअरवाल्याच्या दुकानात गर्दी जमली. साहेब दारात उभे राहून मोठ्यानं पान वाचत होते आणि ट्रकवाले, रिक्षावाले, गॅरेजवाले हातातली कामं टाकून ऐकत होते. तिसऱ्या पानावर स्पेअरवाला म्हणाला, "साहेब, पिस्टन असाच असतो."

"असाच म्हणजे वाकडा?"

"ते मला नाही माहीत. मी विकतो, मी घडवत नाही. पण परत कोणी आणलेला नाही आजवर."

"कारण आजवर कोणी मोजलेला नाही! दुसरा खोका उघडा."

उघडला. लंबगोल. तिसरा उघडला. लंबगोल. अकरा खोके उघडले, मोटारींचे, ट्रकचे, एक तर पाण्याच्या पंपाचा. सगळे वाकडे, आणि सगळ्यांचा वाकडेपणा कसा अगदी बेतल्यासारखा. साहेबांनी यावरून निष्कर्ष काढला की यात एक कंपनी नाही, सगळ्या सामील आहेत. एका ट्रकवाल्यानं हसू दाबायला तोंडात फडकं घातलं. स्पेअरवाल्यानं हात जोडले. "साहेब, तुम्ही बोरिंगवाल्या बाईंकडे जा. त्यांनी सांगितलं वाकडा, तर मी हे दुकान बंद करून घरी बसतो."

अशा रीतीनं साहेब शेवटी जिथं पहिल्याच दिवशी जायला हवं होतं तिथं पोचले. मधे आठ दिवस गेले, चार पानं गेली आणि अकरा खोके.

शेड पत्र्याची, लांबट. दारातून आत गेलं की डाव्या हाताला रांगेनं ब्लॉक ठेवलेले, प्रत्येकावर खडूनं नंबर. मधोमध बोरिंगचं मशीन, माणसाच्या दीडपट उंच, रंग उडालेलं, पण जिथं लोखंड लोखंडावर सरकतं तिथं आरशासारखं लखलखीत. बाई चाळिशीच्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात, केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत. मिस्त्रीनं साहेबांचा ब्लॉक आदल्या दिवशीच गुपचूप आणून टाकला होता.

साहेबांनी पंचनामा पुढे केला. बाईंनी तो उभ्याउभ्या सबंध वाचला, हे विशेष.

"मापं बरोबर घेतलीत," त्या म्हणाल्या.

साहेब जरा फुलले.

"पिस्टन लंबगोलच करतात. या पिनेच्या बाजूला धातू जास्त असतो, तापला की तिकडे जास्त फुगतो. वरचं टोक आगीजवळ, ते आणखी फुगतं. म्हणून थंडा असताना मुद्दाम तिकडे कमी ठेवतात. इंजिन तापलं की मग तो गोल होतो. थंडा असताना गोल पिस्टन घातलात, तर दुसऱ्याच दिवशी परत माझ्याकडे याल."

साहेबांनी पिस्टन हातात घेऊन पिनेची बाजू पुन्हा निरखली. तेहेतीस वर्षांत त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की एखादी वस्तू चुकीच्या मापाची आहे म्हणूनच बरोबर असते.

"आता तुमचं सिलिंडरचं माप," बाई म्हणाल्या. "बहात्तर शून्य शून्य. हे कुठं घेतलंत?"

"तोंडाशी."

"तोंडाशी पिस्टनची रिंग पोचतच नाही. वरचा बोटभर भाग कधी झिजतच नाही, तो नव्यासारखाच राहणार. झीज होते ती खाली." त्यांनी लांब दांड्याचं बोअर डायल काढलं, आत सोडलं, आणि हळूहळू खाली नेलं. घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा सरकला. "बघा. तीन ठिकाणी मोजायचं. वर, मधे, खाली. आणि प्रत्येक ठिकाणी आडवं नि उभं. हा तिसरा. बहात्तर पूर्णांक अठरा. शिवाय रेघा आहेत त्या वेगळ्या." मग त्यांनी साहेबांचा नवाकोरा स्टँडर्ड पिस्टन रिंगांशिवाय त्या सिलिंडरात सोडला आणि दोन बोटांनी हलवला. तो खडखड वाजला. रिकाम्या डब्यात बटाटा वाजावा तसा.

साहेबांनी स्वतःच्या दोन बोटांनी तो पुन्हा हलवून बघितला.

"पंचवीसची, म्हणजे पाव मिलिमीटरची साईज पुरणार नाही, रेघा निघायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "पन्नासची लागेल. चारही. अर्ध्या मिलिमीटरनं मोठे पिस्टन आणा."

"म्हणजे जादा मापाचे." साहेबांच्या तोंडून हा शब्द जड निघाला. 'जादा' आणि 'कमी' या दोन शब्दांवर त्यांनी माणसं आयुष्यातून उठवली होती. "मूळ मापाचं काही..."

"मूळ माप गेलं, साहेब. ते तुम्ही डोंगरावर जाळलंत."

मग त्या डायल पुसता पुसता, हवापाण्याचं बोलावं तशा म्हणाल्या, "तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी तुम्हाला ओळखलं. माझ्या वडिलांचं भंगाराचं दुकान होतं, टेकडीखालच्या गल्लीत. तुम्ही त्यांचा तराजू जप्त करून नेला होता. चार महिने दिला नाहीत. तेवढ्यात धंदा गेला. नंतर ते दुसऱ्याच्या शेडमध्ये ब्लॉक घासायला लागले, आणि त्यांच्या मागून मी."

साहेबांनी आठवून बघितलं. त्यांनी जप्त केलेले तराजू एका गोदामात मावत नव्हते. "माप कमी भरलं असेल," ते म्हणाले.

"नव्वद ग्रॅम. पण तुम्ही तो तराजू दारात मांडून वजन घेतलंत. आतल्या फरशीवर घेतलंत तर बरोबर भरत होतं. वडील सांगत होते, गल्लीला उतार आहे. तुम्ही म्हणालात, उतार असेल तर तो कागदावर दाखवा." बाईंनी डायल पेटीत ठेवलं. "पिस्टन आणलेत की या. आणायला जाताना जुना एक बरोबर न्या, जुळवून आणा."

साहेबांनी आपला पंचनामा परत घेतला. ते घरी आले. दुपारी झोपले नाहीत. चार वाजता त्यांनी कपाटातून हातभर लांबीची पाणसळ काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि टेकडीखालच्या गल्लीत गेले. भंगाराच्या दुकानाच्या जागी आता एक शिंपी बसत होता. साहेबांनी दारासमोर गुडघे टेकले आणि पाणसळ जमिनीवर ठेवली. आतला बुडबुडा एका दमात टोकाला जाऊन बसला, जसा काही इतकी वर्षं त्याचीच वाट बघत होता. त्यांनी पाणसळ टोकं फिरवून ठेवली. तीन जागी ठेवली. आडवी आणि उभी ठेवली.

"काय, गटार काढताय का?" शिंप्यानं आतून विचारलं. "काढा बुवा. सगळं पाणी माझ्याच दारात येतं. हा उतार पहिल्यापासूनच आहे."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"माझ्या बापानं सायकल सोडली की ती आपोआप खाली जायची, तेव्हापासून."

साहेबांनी धूळ झटकली आणि घरी आले. पंचनामा लिहिला नाही.

पुढच्या आठवड्यात स्पेअरवाल्याला आश्चर्याचा धक्का बसला. साहेब आले, जळका पिस्टन फडक्यात बांधून, आणि आवाज न चढवता बाकड्यावर बसले. पन्नासच्या साईजचे दोन खोके त्यांनी मागवले. पिनेचं भोक जुन्याशी ताडून बघितलं. पिनेपासून डोक्यापर्यंतची उंची बघितली. दुसऱ्या कंपनीच्या पिस्टनचं डोकं सपाट निघालं आणि जुन्याच्या डोक्यावर बशीसारखा खळगा होता.

"चालतं की," स्पेअरवाला म्हणाला. "सपाट डोकं म्हणजे ताकद जास्त."

"ताकद नको आहे," साहेब म्हणाले. "खळगा हवा आहे."

मूळ कंपनीचे घेतले. घरी पुन्हा टेबलावर पांढरा कपडा अंथरला, पण या वेळी व्हर्नियर डबीतच राहिला. साहेबांनी आपला जुना नाजूक तराजू काढला आणि चारही पिस्टन तोलले. तोलणं मात्र त्यांना कोणी शिकवायला नको होतं. तीन पिस्टन एकमेकांना दोन ग्रॅमच्या आत होते. चौथा नऊ ग्रॅमनं जड. त्यांनी तो तीन वेळा तोलला, खिडकी बंद करून तोलला, बायकोला पंख्याचं बटण बंद करायला लावून तोलला.

शेडमध्ये बाईंनी तो आपल्या काट्यावर टाकला. "नऊ," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. असा बसवला असता तर इंजिन हातपाय आपटत राहिलं असतं." त्यांनी आतल्या बाजूनं, पिनेच्या भोकाखालचा थोडा धातू कापून काढला, पुन्हा तोलला, पुन्हा कापला. साहेब बाजूला उभे राहून बघत होते आणि त्यांना वाटत होतं की आता बाई काहीतरी बोलतील. शाबास नाही, तर निदान 'बरं झालं'. बाईंनी पिस्टन बाकड्यावर ओळीनं मांडले. त्यांनी खडूनं पिस्टनांवर एक ते चार आकडे टाकले आणि प्रत्येक पिस्टनचं खालचं माप मायक्रोमीटरनं घेऊन सिलिंडरच्या बाजूला लिहिलं.

"गल्लीत गेलो होतो," साहेब शेवटी म्हणाले. "उतार आहे."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "जरा मागे सरका. मशीन सुरू करतेय."

बोरिंग दीड दिवस चाललं. मग घोटाई, मग धुलाई. हेडही तापून किंचित वाकलं होतं, तेही घासून सरळ केलं. मिस्त्रीनं पिस्टनांच्या डोक्यावरचे बाण पुढच्या दिशेला करून, रिंगांची तोंडं एकमेकांपासून दूर ठेवून इंजिन बांधलं. साहेब तिथंच बसून होते, पण काही सांगत नव्हते. मिस्त्रीला ते इतकं विचित्र वाटलं की दोनदा त्यानं उगीचच विचारलं, "बरोबर आहे ना, साहेब?" दोन्ही वेळा साहेबांनी मान हलवली.

गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. थोडा धूर आला, मग तोही थांबला, आणि इंजिन असं चालायला लागलं की कान देऊन ऐकावं. पहिले हजार किलोमीटर जोरात चालवायची नाही, असं बाईंनी बजावलं होतं. साहेब चाळीसच्या वर गेले नाहीत. रस्त्यावर त्यांच्या मागे मोटारींची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, सायकलवाले पुढे जाऊन वळून बघायचे. बायको शेजारी बसून शब्दकोडं सोडवत असे. त्या वेगाला अक्षरं हलत नव्हती.

असेच एक दिवस ते बाईंच्या शेडमध्ये गेले. घरून निघताना एक वाक्य पाठ केलं होतं. बाई एका ट्रॅक्टरच्या ब्लॉकवर वाकल्या होत्या. त्यांनी हातानंच थांबा अशी खूण केली. साहेब उभे राहिले. चाळीस मिनिटांनी मशीन थांबलं.

"काय झालं? आवाज करतेय?"

"नाही. गाडी उत्तम आहे. मी त्या... तराजूचं बोलायला आलो होतो. माझ्याकडून तेव्हा..." वाक्य पाठ होतं, पण पहिल्या झटक्याला सुरू होईना. आयुष्यात कधी न चालवलेलं यंत्र होतं ते.

बाईंनी हात पुसले. "माझ्याशी काय बोलायचं? तराजू माझा नव्हता. वडील गेले. आई आहे, मागच्या खोलीत. तिला सांगा."

मागच्या खोलीत एक म्हातारी खाटेवर बसून लोकरीचा गुंता सोडवत होती. साहेब दारातल्या स्टुलावर बसले आणि बोलायला लागले. तिला कमी ऐकू येत होतं, म्हणून सगळं मोठ्यानं बोलावं लागलं. जे जेमतेम कुजबुजून सांगायची हिंमत केली होती ते शेडभर ऐकू गेलं. बाहेर ब्लॉक उतरवणारे दोन हमाल थबकले. साहेबांनी गल्ली सांगितली, उतार सांगितला, नव्वद ग्रॅम सांगितले, आणि "तो इन्स्पेक्टर मी" असं म्हणून थांबले.

म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही नव्हे," ती म्हणाली.

"मीच, आई."

"छे! तो उंच होता. चांगला धिप्पाड. दारात उभा राहिला की उजेड अडायचा. तुम्ही कुठले?"

"तेव्हा मी तरुण होतो..."

"तरुण झाला म्हणून काय माणूस वीतभर जास्त उंच असतो?" म्हातारी ठाम होती. "त्याचा आवाज असा होता, की पोरगी फळीमागे लपायची. तुमच्या तोंडून तर शब्द निघत नाही. कशाला उगाच दुसऱ्याचं पाप अंगावर ओढून घेता? कोणी पाठवलं तुम्हाला?"

साहेबांनी खिशातून जुनं ओळखपत्र काढलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि परत दिलं. "या फोटोतला असू शकेल," ती म्हणाली. "पण हे तुम्ही नव्हे."

अर्धा तास साहेब स्वतःविरुद्ध पुरावे देत राहिले. तारीख सांगितली, साल सांगितलं, आपली जुनी मोटारसायकल कुठल्या रंगाची होती ते सांगितलं. म्हातारी एकेक पुरावा फेटाळत गेली. शेवटी तिनं लोकरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, धरा म्हणाली, आणि दुसऱ्या टोकापासून गुंडाळायला लागली. गुंता मोठा होता. साहेब दोन्ही हात पुढे करून बसून राहिले, आणि दारात उभ्या राहिलेल्या बाईंनी मागे फिरून ट्रॅक्टरच्या ब्लॉकवर पुन्हा मशीन सुरू केलं.